डीपीडीसीवर नाव घालतो म्हणतात, हो म्हणू का?

पत्र:

सप्रेम नमस्कार. मी मोहोळ तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. लघु पाटबंधारे विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. मागे एका लग्नात आमच्या भागातले एका पक्षाचे पदाधिकारी भेटले. म्हणाले, "साहेब, तुमच्यासारखी माणसं डीपीडीसीवर पाहिजेत. बायोडाटा द्या, नाव घालतो." डीपीडीसी म्हणजे जिल्हा नियोजन समिती. नंतर त्यांच्या माणसाचा फोन आला, "वरपर्यंत पोहोचवायचं म्हणजे थोडा खर्च येईल, पार्टी फंड समजा." रक्कम सांगितली नाही. आमच्या सौ. म्हणतात, "आयुष्यभर नोकरीत नाव सांभाळलं, आता कुणाच्या मागं फाईल घेऊन फिरणार?" मुलगा पुण्यात आहे. तो म्हणतो, "बाबा, जा. पद असलं की कलेक्टर ऑफिसात उभं करतात." मला पदाची हौस नाही. पण गावच्या ओढ्यावरच्या कोल्हापुरी बंधाऱ्याची दारं चोरीला गेली, त्याला काही पावसाळे झाले. पाणी अडतच नाही. तिथं बसलो तर ते काम होईल असं वाटतं. शिवाय सोलापुरात आमचा एक प्लॉट आहे, त्यावर रस्त्याचं आरक्षण आहे. तेही तिथं मांडता येईल का? या समितीवर माणसं नेमतात तरी कशी?

— एक निवृत्त अभियंता

उत्तर:

साहेब, नमस्कार.

पैशाचं आधी बोलू, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. सरकार जिल्हा नियोजन समितीवर ज्यांना नेमतं किंवा निमंत्रित करतं, त्यांना त्यासाठी एक रुपयाही कुठे भरावा लागत नाही. फंड नाही, फी नाही, "वरचा खर्च" नाही. तो फोन पुन्हा आला तर तारीख, वेळ आणि बोलणं वहीत लिहून ठेवा. रक्कम सांगितली गेली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे, तिथे कळवा. लग्नात भेटलेल्या पदाधिकाऱ्यांना त्यांच्या माणसाच्या फोनची कल्पना असेल किंवा नसेलही. तुम्ही त्यांना सरळ सांगा की असा फोन आला होता आणि मी पैसे देणार नाही. ते खरोखर तुमच्या अनुभवासाठी विचारत असतील तर त्यांना हे ऐकून वाईट वाटेल, आणि तसं नसेल तर विषय तिथेच संपेल. दोन्हीत तुमचं काही जात नाही.

आता नेमणुकीचं. गावात सगळ्यांनाच "डीपीडीसी मेंबर" म्हणतात, पण नियोजन भवनात त्या बैठकीला बसणारी माणसं वेगवेगळ्या वाटांनी तिथे आलेली असतात. कोण कुठल्या वाटेनं आलं, यावर त्याच्या शब्दाचं वजन ठरतं. तुम्हाला नेमकी कुठली वाट दाखवली आहे, हे पत्रावरून कळत नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही कुणी ते सांगितलेलं नाही.

काही जण पदामुळे असतात. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष पदसिद्ध सदस्य. कागदपत्रांचा सगळा भार जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांच्या कार्यालयावर. इथे नेमणुकीचा प्रश्नच नाही. खुर्ची बदलली की माणूस बदलतो.

दुसरी वाट निवडणुकीची, आणि कायद्याच्या दृष्टीनं समितीचा कणा हाच. राज्यघटनेत ७४ व्या दुरुस्तीनं, म्हणजे १९९३ पासून, अनुच्छेद २४३ झेडडी आला. तो म्हणतो, जिल्हा नियोजन समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य निवडून आलेले असले पाहिजेत, आणि त्यांना निवडायचं जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिका-महापालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी, आपल्यातूनच. ग्रामीण आणि नागरी जागांची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात. आपल्या राज्यानं त्यावर १९९८ साली स्वतंत्र कायदा केला. महिलांसाठी आणि मागास प्रवर्गांसाठी जागा राखीव असतात. निवडणूक जिल्हाधिकारी घेतात. सामान्य मतदाराला तिचा पत्ता लागत नाही, कारण मतदार फक्त सदस्य आणि नगरसेवक असतात, आणि पुष्कळदा पक्षांत वाटाघाटी होऊन ती बिनविरोधच उरकते.

आपल्या जिल्ह्याचा हिशेब मांडून पाहा, तुम्हाला आकड्यांची सवय आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख १७ हजारांच्या वर होती. त्यात शहरी वस्ती सुमारे ३२ टक्के. समजा निवडून द्यायच्या जागा ४० आहेत. तर साधारण २७ ग्रामीण भागाला, म्हणजे जिल्हा परिषदेला, आणि १३ नागरी भागाला. या १३ मध्ये सोलापूर शहराचा वाटा सर्वांत मोठा, कारण एकट्या शहराची वस्ती साडेनऊ लाख होती. उरलेल्या चारेक जागांत बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, करमाळा, सांगोला, मंगळवेढा, कुर्डुवाडी, दुधनी, मैंदर्गी अशा सगळ्या नगरपालिका-नगरपंचायतींनी भागवायचं. महापालिकेत नगरसेवक १०२, त्यांच्या वाट्याला नऊच्या आसपास जागा. जिल्हा परिषदेत सदस्य ६८, त्यांच्या वाट्याला २७. म्हणजे तुमच्या गटातून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघातून, निवडून येणारा जिल्हा परिषद सदस्य नियोजन समितीत बसण्याची शक्यता शहरातल्या नगरसेवकापेक्षा कितीतरी जास्त. हा मुद्दा लक्षात ठेवा, तुमच्या बंधाऱ्याची गोष्ट इथूनच पुढे जाणार आहे.

या वाटेनं तुम्ही जाऊ शकत नाही. तुमचे सरपंचही जाऊ शकत नाहीत, पंचायत समितीचे सदस्यही नाहीत. गावगाड्याच्या सगळ्यात जवळची माणसं जिल्ह्याच्या नियोजनात मतदारही नसावीत, हे मला मनापासून खटकतं. पण घटनेनं रेषा जिल्हा परिषदेच्या पातळीवर आखली आहे आणि आज तरी ती तिथेच आहे.

तिसरी वाट नामनिर्देशनाची. काही आमदार-खासदार आणि जिल्हा नियोजनाचं ज्ञान असलेल्या काही व्यक्ती राज्य सरकार नेमतं. कायद्याला अपेक्षित असलेला जाणकार माणूस तो हाच, आणि तुमच्यासारख्या अभियंत्याची जागा कागदावर इथे आहे. चौथी वाट विशेष निमंत्रितांची. निमंत्रित हा सदस्य नसतो. तो बैठकीला येतो, अध्यक्षांनी संधी दिली तर बोलतो. मत त्याला नसतं.

या शेवटच्या दोन वाटांवर प्रत्यक्षात काय घडतं, हे तुम्हाला स्पष्ट सांगणं माझं कामच आहे. यादी स्थानिक नेते तयार करतात, सत्तेतले पक्ष आपापला वाटा ठरवतात, पालकमंत्र्यांकडून शिफारस जाते आणि मंत्रालयातला नियोजन विभाग शासन निर्णय काढतो. पक्षासाठी राबलेल्या, पण तिकीट न मिळालेल्या कार्यकर्त्याची समजूत काढायची ही जुनी जागा आहे. सरकार बदललं की जुनी नावं जातात, नवी येतात. आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. गेल्या काही वर्षांत पालकमंत्री बहुधा बाहेरचे लाभले: दत्तात्रय भरणे इंदापूरचे, राधाकृष्ण विखे पाटील नगर जिल्ह्यातले, चंद्रकांत पाटील कोथरूडचे आमदार, जानेवारी २०२५ मध्ये आलेले जयकुमार गोरे माणचे. बाहेरच्या माणसाला मोहोळमधला कोणता अभियंता जाणता आणि कोणता नुसताच बायोडाटा देणारा, हे कसं कळावं? तो स्थानिक माणसाच्या यादीवरच विसंबणार. म्हणून लग्नातल्या त्या पदाधिकाऱ्याचं "नाव घालतो" हे म्हणणं पोकळ नाही. तो नाव घालू शकत असेल. पण ज्याच्या शब्दानं ते नाव यादीत गेलं, त्याच्या शब्दानंच ते उद्या बाहेरही येईल. बैठकीत तुम्ही त्याच्या माणसाच्या कामावर बोट ठेवलंत तर काय होईल, याचा अंदाज वहिनींना तुमच्या आधी आला आहे, असं मला त्यांच्या त्या एका वाक्यावरून वाटतं.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मार्च २०२२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची आणि सोलापूर महापालिकेची मुदत संपली आणि दोन्हीकडे प्रशासक आले. सदस्यच उरले नाहीत, तर त्यांच्यातून निवडून गेलेले नियोजन समितीचे सदस्य कुठून उरणार? घटनेनं ज्यांना किमान चार-पंचमांश जागा दिल्या, त्यांच्या खुर्च्या रिकाम्या आणि बैठका मात्र सुरू. पालकमंत्री, आमदार-खासदार, नामनिर्देशित, निमंत्रित आणि अधिकारी एवढ्यांनी मिळून जिल्ह्याचा शेकडो कोटींचा आराखडा वर्षानुवर्षं मंजूर केला. सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०२५ ला बजावलं तेव्हा कुठे राज्यातल्या स्थानिक निवडणुकांची चाकं हलली. या काळात लोकांना सवय लागून गेली की डीपीडीसी म्हणजे पालकमंत्र्यांचा निधी आणि मेंबर म्हणजे त्यांचा माणूस. मला या सवयीची फार काळजी वाटते. तुमच्यासारखा शिकलेला माणूसही पत्रात "नेमतात कशी" एवढंच विचारतो आणि निवडून कोण देतं हे विचारत नाही, तेव्हा ती काळजी वाढते. हा दोष तुमचा नाही. इतकी वर्षं निवडणूक कुणी पाहिलीच नाही.

मुलाच्या म्हणण्याबद्दल. "पद असलं की उभं करतात" हे काही अंशी खरं आहे. पण बैठकीत काय होतं तेही त्याला सांगा. पत्रकारांच्या बाकावर बसून या बैठका मी पाहिल्या आहेत. पुढच्या रांगेत आमदार-खासदार. जिल्ह्यात विधानसभेचे मतदारसंघ ११; खासदार सोलापूरचे, माढ्याचे आणि बार्शी धाराशिव लोकसभेत असल्यामुळे तिकडचेही. मागे सदस्य, त्यांच्या मागे निमंत्रित, कडेनं खातेप्रमुख फायली मांडीवर घेऊन. जाडजूड पुस्तिका कधी आदल्या दिवशी हातात पडते, कधी दारातच. आधी मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम होतं, मग अनुपालन अहवाल, मग खर्चाचा आढावा: सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती घटक, आदिवासी क्षेत्राबाहेरील योजना. बहुतेक वेळ वीज, पाणी, ट्रान्सफॉर्मर आणि अधिकारी फोन उचलत नाहीत या तक्रारींवर जातो. शेवटच्या रांगेतला निमंत्रित हात वर करतो तेव्हा पालकमंत्र्यांना पुढच्या कार्यक्रमाला निघायचं असतं. "लेखी द्या," असं उत्तर मिळतं. लेखी तर तुम्ही बाहेरूनही देऊ शकता.

आणि कामं ठरतात ती या बैठकीत नाहीत. तिथे योजनेनिहाय रक्कम मंजूर होते: जनसुविधेला इतकी, ग्रामीण रस्त्यांना इतकी, क वर्ग तीर्थक्षेत्रांना इतकी, बंधारे दुरुस्तीला इतकी. कोणत्या गावचं काम घ्यायचं, ही यादी त्या-त्या खात्याच्या टेबलावर बनते. खात्याकडे अंदाजपत्रक तयार असेल ते काम यादीत बसतं. मग प्रशासकीय मान्यता, मग बीडीएसवर, म्हणजे निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर, निधी. मार्च जवळ आला की खात्याला पैसे खर्ची टाकायचे असतात आणि हातात तयार कागद असलेलं गाव पुढे सरकतं. तुम्ही खात्यात नोकरी केली आहे; मार्चअखेरच्या त्या धावपळीत अंदाजपत्रकाविना किती चांगली कामं मागे राहतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून बंधाऱ्याकडे येऊ. पत्रातली सगळ्यात खरी ओळ मला तीच वाटली. ओढ्यावरचा कोल्हापुरी बंधारा बहुधा जिल्हा परिषदेच्या अखत्यारीतला असेल. आधी तेवढी खात्री करून घ्या, कारण बंधारा जलसंपदा विभागाचा निघाला तर दार वेगळं ठोठवावं लागेल. जिल्हा परिषदेचा असेल तर दारं बसवण्याचं आणि किरकोळ दुरुस्तीचं काम नियोजन समितीच्या निधीतून होण्यासारखं आहे. त्यासाठी समितीत बसावं लागत नाही. ग्रामसभेचा ठराव लागतो आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात त्या कामाची नोंद लागते. आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढे चालते, ती सभा चुकवू नका. ठरावात "बंधारा दुरुस्त करावा" असं मोघम लिहू देऊ नका. गाळे किती, प्रत्येक गाळ्याला दारं किती, त्यातली जागेवर किती, खोबणी आणि रबर सीलची अवस्था काय, तळाशी गळती आहे का, हे सगळं लिहा. दारं चोरीला गेली तेव्हा पोलिसांत तक्रार झाली होती का? झाली असेल तर तिची नक्कल जोडा. नसेल तर ग्रामपंचायतीनं आता तरी लेखी कळवावं. नाहीतर खातं विचारणार की दारं गेली कुठे, आणि फाईल तिथेच बसणार. पावसाळा संपताना दारं टाकायची आणि पुढच्या पावसाआधी काढून कुलपात ठेवायची, याची जबाबदारी कोण घेणार तेही ठरावात येऊ द्या. पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांची नावं त्याखाली असतील तर फारच उत्तम. दारं पुन्हा चोरीला जाणार नाहीत, असा भरवसा कुणी दिला तर अधिकारीही मोकळ्या मनानं सही करतो.

मोजमापं तुम्ही स्वतः घेऊ शकता, हे तुमचं बळ आहे. उपअभियंत्याकडे रिकाम्या हातानं "बघा की जरा" म्हणत जाऊ नका. मोजमापांचा तक्ता, फोटो आणि किती हेक्टरला पाणी मिळेल तो हिशेब घेऊन जा. अंदाजपत्रक त्यांनीच करायचं, पण निम्मं काम तुम्ही करून दिलंत तर ते लवकर होईल. मग तो कागद तुमच्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्याच्या हातात द्या. वर हिशेब मांडला तो यासाठीच. हा माणूस निवडून आलेला आहे, पुढच्या वेळी त्याला तुमच्या गावात मतं मागायला यायचं आहे, आणि नियोजन समितीवर जाण्याची त्याला चांगली संधी आहे. त्याला समितीत बोलायला मुद्दा लागतो. तयार कागदासह मुद्दा देणारा माणूस त्याला क्वचितच भेटतो.

वेळेचं भान ठेवा. पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा साधारण हिवाळ्यात समितीपुढे येतो, त्यानंतर वित्तमंत्र्यांकडे महसुली विभागाची बैठक होऊन रक्कम वाढते किंवा कमी होते, आणि मार्चमध्ये अर्थसंकल्प. तेव्हा खात्याची मागणी दिवाळीच्या आसपास तयार असली पाहिजे. जानेवारीत जाग आली तर वर्ष गेलं.

बंधारे दुरुस्तीवर गेल्या दोन-तीन वर्षांत किती निधी मंजूर झाला, किती खर्च झाला, मोहोळ तालुक्यात कोणती कामं घेतली, हे जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज, उत्तराला ३० दिवस. बैठकांची इतिवृत्तंही मागा. ती वाचली की समितीत कोण काय बोलतं आणि त्याचं पुढे काय होतं, ते तुम्हाला निमंत्रित होण्याआधीच समजेल. तुम्हाला होकार द्यायचा की नाही, हेही त्या वाचनातून बरंचसं ठरेल.

प्लॉटचं मात्र तिथे नेऊ नका. शहरातल्या रस्त्याची रुंदी आणि जमिनीवरचं आरक्षण यांचा जिल्हा नियोजन समितीशी संबंध नाही. तो विषय शहराच्या विकास आराखड्याचा, म्हणजे महापालिकेचा आणि नगररचना विभागाचा. कायदा १९६६ चा, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत लेखी हरकत घ्यायची असते आणि त्यावर सुनावणी होते. सुनावणी घेणारी तीही नियोजन समितीच म्हणवते, म्हणून लोकांचा घोळ होतो. महापालिकेच्या बाबतीत तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना संचालक जास्तीत जास्त चार जाणकार नेमतात. नगर नियोजनाचं किंवा पर्यावरणाचं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेले. हरकती ऐकायच्या, अहवाल द्यायचा, की तिचं काम संपलं. पाण्याचे निचरे, नाले, पूररेषा यांची जाण असलेल्या अभियंत्याला तिथे खरोखर काम असतं. मात्र ज्या आराखड्यात तुमचा स्वतःचा प्लॉट अडकला आहे, त्याच्या सुनावणीला तुम्ही त्या खुर्चीवर बसू नये. तिथे हरकतदार म्हणूनच जा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. विशेष निमंत्रित म्हणून, कुणाच्या वाट्यातून, फोनवरच्या त्या माणसाच्या मध्यस्थीनं बोलावलं तर नाही म्हणा. त्यात तुमच्या गावाला काही मिळणार नाही, आणि वहिनींनी जे नाव सांभाळलं म्हटलं, ते उगाच पणाला लागेल. जाणकार व्यक्ती म्हणून नामनिर्देशित सदस्य करत असतील तर मी हो म्हणेन. सगळ्या जागा कार्यकर्त्यांनी भरल्या आणि जाणत्यांनी बाहेर राहून नावं ठेवली, तर जिल्ह्याचं नुकसान आहे. ओढा, नाला, बंधारा पायाखालून घातलेली माणसं त्या सभागृहात हवीत. पण बायोडाटा लग्नात किंवा गाडीच्या काचेतून देऊ नका. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे एक पानाचं पत्र लिहा, प्रत पालकमंत्र्यांना आणि तुमच्या आमदारांना. कोणत्या खात्यात किती वर्षं, कोणती कामं केली, जिल्ह्याच्या नियोजनात कशाबद्दल बोलू शकता, एवढंच त्यात असू द्या. कोणत्याही पक्षाचा उल्लेख नको. त्या पदाधिकाऱ्यांनाही त्याच पत्राची प्रत द्या आणि सांगा, "मी रीतसर कळवलं आहे, तुम्हाला योग्य वाटलं तर शिफारस करा." शिफारस घेण्यात लाज नाही, देणं लागू झालं की लाज आहे. उद्या कुणी "तुमचं काम झालं" म्हणून पेढे मागितले तर आधी नियोजन विभागाचा शासन निर्णय बघा. तो सरकारच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतो. तुमचं नाव सदस्यांच्या यादीत आहे की निमंत्रितांच्या, ते त्यातच कळेल.

हे पत्र पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका, कारण उत्तर येईलच असं नाही. बंधाऱ्याचा तक्ता त्याच आठवड्यात करायला घ्या. आणि उपअभियंत्यांच्या कार्यालयात काहीही दिलंत तर आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका.